सहा गुंठे, दोन कुत्री आणि श्रीखंडाच्या डब्यांतले काटे

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला. "अंगणात गोखरू माजलाय. वाघ्याला तीनदा डॉक्टरकडे नेऊन आणलं. तू ये आणि काय ते औषध मार बाई एकदाचं." मी लोकांच्या बागा लावून देते, आणि लावलेल्या बागा का मेल्या ते सांगायलाही जाते. औषध मारणं हा त्यातला अगदी शेवटचा भाग, पण फोन बहुतेक वेळा त्याचसाठी येतो.

घर सासवडच्या अलीकडे, दिवे घाट चढून वर आलं की लागणाऱ्या पठारावर. घाटमाथ्याचा पाऊस इथवर पोचेपर्यंत दमलेला असतो, त्यामुळे चार महिने हिरवं आणि आठ महिने कुसळी रंगाचं असं तिथलं वर्ष. सहा गुंठ्यांचा प्लॉट, मध्ये बैठं घर. पूर्वेला फाटक आणि फाटकापासून पोर्चपर्यंत मुरमाची वाट. मागे न्हाणीचं सांडपाणी जिरतं तिथे बारमाही ओल. पश्चिमेला मुंबईला राहणाऱ्या कुणाचा तरी रिकामा प्लॉट, मध्ये नुसतं तारेचं कुंपण. जनावरं तीन. वाघ्या गावठी, आखूड केसांचा. जेजुरी इतकी जवळ असताना कुत्र्याचं दुसरं नाव कोण ठेवणार? सोनूला सगळे पॉमेरियन म्हणतात, पण आहे तो स्पिट्झ, पांढऱ्या केसांचा गोळा. आणि मनी मांजर, जी अंगणात कमी आणि फ्रीजवर जास्त असते.

झालं होतं ते असं. दिवाळीला लेकी-नातवंडं येणार म्हणून काकांनी दसऱ्यानंतर गवत कापायचं मशीन घेऊन एका माणसाला बोलावलं. त्याने अंगण साफ केलं आणि जाता जाता कुंपणापलीकडचं कमरेएवढं वाळलेलं गवतही दोन मीटरचा पट्टा करून भुईसपाट केलं. वर मशीनच्या वाऱ्याने सगळा कचरा एका बाजूला उडवून दिला. अंगण आरशासारखं दिसायला लागलं. तिसऱ्या दिवशी वाघ्या एका कानावर मान तिरकी करून डोकं झटकत फिरू लागला. डॉक्टरांनी कानात दुर्बिणीने पाहून लांब चिमट्याने एक कुसळ काढलं. आठवड्याने त्याच्या उजव्या पुढच्या पायाच्या बोटांमध्ये सुपारीएवढी गाठ आली. ती फोडली, पू काढला, गोळ्या झाल्या, जखम भरली आणि दहा दिवसांत पुन्हा सुजली. एक्स-रे स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, "गवत एक्स-रेत दिसत नाही, उघडूनच बघावं लागेल." दुसऱ्यांदा उघडलं तेव्हा पहिल्या जखमेपासून बोटभर वर, पायाच्या दिशेने सरकलेला अर्ध्या इंचाचा तुकडा मिळाला.

मी गेले तेव्हा काका फवारणीचा पंप धुऊन तयार होते. मी विचारलं, "गोखरू कुठाय?" त्यांनी हाताने सगळं अंगण दाखवलं.

इथे खरी गोम होती. आपल्याकडे अंगाला चिकटणारं, टोचणारं जे जे काही असेल ते सगळं गोखरू. सराटा हाही गोखरू, शंकेश्वर हाही गोखरू, मोज्यात घुसणारं कुसळ हेही गोखरूच. पण ही झाडं एकमेकांची लांबची नातलगसुद्धा नाहीत. कुणी गवत, कुणी वेल, कुणी सूर्यफुलाच्या कुळातलं झुडूप. कुठलं कधी उगवतं, कधी पिकतं आणि जनावराच्या अंगावर कुठे बसतं, हे वेगवेगळं. सगळ्यांना एकच नाव दिलं की उपायही एकच सुचतो, आणि तो काकांच्या पंपात भरलेला असतो.

त्या दिवशी मी अंगणातलं काहीच उपटलं नाही. काकूंना सांगितलं, आठ दिवस रोज संध्याकाळी पांढऱ्या चादरीवर दोन्ही कुत्र्यांना विंचरायचं, आणि जे निघेल ते कुठल्या अवयवावरून निघालं ते लक्षात ठेवून श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत वेगवेगळं टाकायचं. काकांना हे पोरखेळ वाटले. "अगं, मी तुला काटे काढायला बोलावलंय, गोळा करायला नाही." पण काकू बँकेतून निवृत्त झालेल्या, डबे, चिठ्ठ्या आणि हिशेब हा त्यांचा प्रांत. आठवड्याने गेले तेव्हा ओट्यावर चार डबे, प्रत्येकावर चिठ्ठी: "वाघ्या, बोटं". "सोनू, शेपूट व मांड्या". "दोघं, पोट व काख". "सोनू, छाती, माझी साडी".

सगळ्यात भरलेला डबा पोट-काखेचा. आत कुसळी गवताची बीजं, शास्त्रीय नाव हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस. ट्रेक करणाऱ्यांना हे ओळखायला शिकवावं लागत नाही; दिवाळीनंतर गडावरून उतरलं की अर्धा तास मोजे सोलण्यात जातो. बी जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचं, पण टोक सुईसारखं आणि त्या टोकावर तांबूस ताठ केसांची लव. मागे लांबलचक काळी शेपटी, खालच्या अर्ध्यात दोरीसारखी पिळलेली, मध्ये गुडघ्यासारखी वाकलेली. काका अजून कुरकुरत होते म्हणून मी बशीत दोन थेंब पाणी घेतलं आणि एक कुसळ त्यात ठेवलं. अर्धं मिनिट काही झालं नाही. मग वाकलेली शेपटी घड्याळाच्या काट्यासारखी हळूहळू फिरायला लागली. पीळ सुटत होता. बशीतून काढून उन्हात धरलं तर उलटी फिरून पुन्हा पिळली. काकांनी चष्मा लावला आणि पुढची दहा मिनिटं ते कुसळं भिजवत नि वाळवत बसले.

हे यंत्र गवताने जमिनीसाठी बनवलंय. रात्रीच्या दवाने पीळ सुटतो, दिवसाच्या उन्हाने पुन्हा बसतो, आणि प्रत्येक फेरीला बी मातीत थोडं खाली जातं. टोकावरचे केस मागे वळलेले असल्यामुळे पुढे जाता येतं, मागे येता येत नाही. कुत्र्याच्या अंगात गेलेलं बी हेच करतं. तिथे ते फिरवायला दव नसतं, पण चालताना होणारी स्नायूंची हालचाल आणि ते उलटे केस पुरे होतात. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आपण म्हणीत इतकं हलक्यात घेतो. डॉक्टरांच्या टेबलावर डोळ्यात कुसळ गेलेलं कुत्रं पाहिलं की ती म्हण तोंडात येत नाही.

महत्त्वाचं म्हणजे काकांच्या अंगणात कुसळीचं एकही झाड नव्हतं. सगळी बीजं पलीकडच्या प्लॉटमधली, आणि ती अंगणात आणली मशीनने. पिकलेलं कुसळी गवत दसऱ्यानंतर कापणं म्हणजे ते पेरणंच.

दुसरा डबा, वाघ्याच्या बोटांचा, सराट्याचा. ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस. आयुर्वेदातलं लहान गोखरू ते हेच, दशमूळांतलं एक. वेल जमिनीला चिकटून चटईसारखा चारी दिशांना पसरतो, पानं चिंचेच्या पानासारखी पण समोरासमोर, त्यांच्यावर रुपेरी लव. फुलं पिवळी, पाच पाकळ्यांची, सकाळी उमललेली दुपारपर्यंत मिटतात, म्हणून संध्याकाळी बागेत हिंडणाऱ्यांना ती कधी दिसतच नाहीत. फळ पिकलं की त्याच्या पाच फाका सुटतात. प्रत्येक फाकेला दोन मोठे काटे आणि दोन लहान, आणि ती कशीही पडली तरी एक काटा वर राहतोच. सायकलवाल्यांना हे विचारा. फाकेच्या आत एक नव्हे, दोन ते चार बिया असतात आणि त्या सगळ्या एकाच पावसात उगवत नाहीत. सराटा सापडला तो फक्त मुरमाच्या वाटेवर आणि फाटकाजवळ. दोन वर्षांपूर्वी मुरूम टाकला त्या ट्रॉलीतून आला असणार. तुडवलेली, उघडी, तापलेली जागा याला आवडते. जिथे हरळी धरली होती तिथे एकही वेल नव्हता.

तिसऱ्या डब्यात शंकेश्वर, झँथियम स्ट्रुमॅरियम, काही ठिकाणी याला लांडगाही म्हणतात. बोरापेक्षा लांबट बोंड, अंगभर आकडे, टोकाला दोन चोची. सोनूच्या शेपटीत याने असा गुंता केला होता की काकूंना तिथले केस कात्रीने कापावे लागले. झाडं मागच्या ओलीत, शेणखताच्या ढिगाच्या कडेने. हे बोंड आत टोचत नाही, त्यामुळे लोक ते गमतीत घेतात. केसांत अडकून राहिलं की मात्र त्याभोवती केसांची गाठ बनते, खाली त्वचा ओली राहून चिघळते. शिवाय याच्या बिया आणि दोन पानांवर असलेली रोपं जनावरांना विषारी. यकृतावर परिणाम होतो. डुकरं आणि वासरं यामुळे दगावतात. कोवळं काहीही चघळायची सवय असलेलं पिल्लू घरात असेल तर ही रोपं दिसली त्या दिवशी काढावीत.

चौथ्या डब्यावरून भांडण झालं. आघाडा. कुंपणाच्या कडेने हातभर लांब तुरे आणि त्यांवर खाली वळलेली काटेरी फळं. तुऱ्याला वरून खाली हात लावला तर गुळगुळीत, खालून वर नेला तर ओरबाडतो. सोनू कुंपणाला अंग घासत फिरायचा आणि छातीवर माळ घेऊन घरात यायचा. मी म्हटलं, हा सगळा काढू. काकू म्हणाल्या, "श्रावणात जिवतीला आघाडा-दूर्वांची माळ लागते, गणपतीच्या पत्रीला लागतो, आणि तो मी मंडईतून विकत आणू? दारात असताना?" मी गप्प बसले, कारण त्या बरोबर होत्या. श्रावण-भाद्रपदात जो आघाडा वाहतात तो कोवळा असतो, काटा धरायचा तो आश्विनापासून पुढे. म्हणून ठरलं की कुंपणालगतची सगळी झाडं काढायची, दोन झाडं फाटकाबाहेर कुत्र्यांच्या वाटेपासून लांब ठेवायची, आणि अनंत चतुर्दशी झाली की त्यांचे तुरे छाटून टाकायचे. हा तह दोन्ही वर्षं पाळला गेलाय.

मग पंपाचा विषय. काकांनी ग्लायफोसेट हे तणनाशक आणलं होतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून त्याचा वापर कीड नियंत्रणाचं काम करणाऱ्या ऑपरेटरांपुरताच ठेवला होता, हे मी त्यांना सांगितलं, पण त्यांना पटलं ते दुसरंच कारण. झाड मारणारं औषध काट्याला मारत नाही. कार्तिकात सराटा पिकलेला असतो. फवारलं तर वेल आठ दिवसांत पिवळा पडेल, काटे जिथल्या तिथे राहतील, आणि मधल्या दिवसांत कुत्री त्या ओल्या पानांवरून चालून पाय चाटतील. कुणीतरी मीठ-व्हिनेगरचा व्हिडिओही पाठवला होता. मिठाने त्या जागेत पुढे काहीच धड उगवत नाही, आणि पावसाने ते शेजारच्या झाडांच्या मुळाशी जातं. तो विषय तिथेच संपला.

काढणी सराट्यापासून सुरू केली. सराटा ओढून काढू नये. ओढला की पिकलेली फळं तिथेच गळतात आणि आपण फक्त पालेभाजी उचलतो. त्याचं सोटमूळ खोल जातं, पण फुटवे सगळे एका गड्ड्यातून निघतात. खुरप्याचं टोक त्या गड्ड्याखाली दोन बोटं घालून मूळ कापायचं, मग वेलाची टोकं चारी बाजूंनी आत दुमडत आणायची आणि सगळी चटई पुरणपोळीच्या कडा मिटाव्यात तशी मिटून थेट पोत्यात टाकायची. आदल्या दिवशी वाटेवर पाणी शिंपडून ठेवलं होतं, त्यामुळे मूळ सोपं कापलं गेलं. असे वीस-बावीस वेल निघाले. दोघांचं सकाळचं काम.

पण खरा माल जमिनीवर सांडलेला. त्यासाठी मी नेहमी जुन्या हवाई चपला वापरते. जितकी मऊ आणि झिजलेली तितकी चांगली. त्या घालून मुरमावर मुलं घसरगुंडी खेळतात तसे पाय घासत, रांगा धरून चालायचं. दर पाच मिनिटांनी खाली बसून पक्कडीने तळव्यातले काटे उपटून डब्यात. काकांना हे काम इतकं आवडलं की नातवंडांना त्यांनी काट्यामागे एक रुपया लावला. पहिल्या संध्याकाळी एकेका चपलेतून साठ-सत्तर काटे निघाले. रुपयाचा भाव दुसऱ्या दिवशी चार आण्यांवर आला, तोही नुसता तोंडी, कारण चार आणे आता आणायचे कुठून. चपलेनंतर ओलं गोणपाट दगड बांधून वाटेवरून दोनदा ओढलं. त्यात उरलेले काटे आणि कुसळंही अडकली.

शंकेश्वराचं काम तासाभरात झालं, झाडं मोठी आणि ओलीत मूळ सैल. आधी झाडावर गोणी उलटी घालायची, मग खालून कापायचं, म्हणजे बोंडं आतच राहतात. आघाड्याचे तुरे आधी छाटून पिशवीत, मग झाड.

गोळा केलेलं जाळायचा काकांचा विचार होता. मी ते जाड काळ्या पिशव्यांत भरून तोंड बांधून गच्चीवर उन्हात ठेवायला सांगितलं, उन्हाळा संपेपर्यंत. कंपोस्टच्या खड्ड्यात यातलं काही टाकू नये. घरच्या खड्ड्याला एवढी उष्णता येत नाही की सराट्याची बी मरेल, आणि वर्षाने तेच खत आपणच हौसेने कुंड्यांत घालतो.

कुत्र्यांचं काय केलं ते डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे. सोनूच्या बोटांमधले आणि पोटाखालचे केस आश्विन ते पौष बारीक ठेवायचे. फिरून आलं की आधी बोटांच्या बेचक्या, मग काखा, जांघा, कानांच्या पाकळ्या उलटून, डोळ्यांचे कोपरे, शेपटीखाली. पाच मिनिटं लागतात. केसांत गुरफटलेलं शंकेश्वराचं बोंड ओढायचं नाही. खोबरेल चोळून, पक्कडीने आधी बोंड फोडून मग तुकडे सोडवायचे. अचानक सुरू झालेलं डोकं झटकणं, थांबत नाही असं शिंकणं, एकच पाय सतत चाटणं, एक डोळा मिटून घेणं, ही कुसळाची लक्षणं समजून त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. कानात काडी घालायची नाही आणि डोळ्यातलं घरी काढायचं नाही. घरातली दुखण्यावरची गोळी तर अजिबात नको. आयब्युप्रोफेन कुत्र्याला आणि पॅरासिटामॉल मांजराला जीवघेणं ठरू शकतं.

आता माझी चूक. जानेवारीत झाडांच्या बुंध्यांशी आच्छादन करायचं ठरलं, उघडी जमीन राहू नये म्हणून. जवळच्या गोठ्यावर वाळकं गवत स्वस्तात मिळालं, दहा पेंढ्या मी स्वतः गाडीतून आणल्या आणि आंबा-चिकूच्या बुंध्यांशी छान पसरल्या. चार दिवसांनी काकूंचा फोन. "तुझी कुसळं सोनूच्या पोटावर निघतायत." पेंढ्या डोंगरावरच्या, निम्मं कुसळी गवत. मीच लोकांना सांगते की बाहेरून येणारी प्रत्येक पेंढी, ट्रॉली आणि खताचं पोतं आधी उघडून बघा. सगळं गवत हाताने उचललं, पुन्हा गोणपाट फिरवलं, आणि दौंडकडून उसाचं पाचट आणून टाकलं. पाचटाची कड हाताला कापते, पण त्यात चिकटणारं काही नसतं. काकांनी ही गोष्ट नंतर आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगितली आहे.

पुढचा पाऊस जूनच्या मध्याला पडला आणि मुरमाच्या वाटेवर सराट्याची रोपं दाट उगवली. हे होणारच होतं. चपलेत अडकतात ते वरचे काटे, मातीत दडलेले पावसाची वाट बघतात. सराट्याची पहिली दोन पानं जाडसर, लांबट, टोकाला किंचित खाच असलेली. त्यानंतर चिंचेसारखं पान फुटलं की शंका उरत नाही. उगवल्यापासून तीन-चार आठवड्यांत त्याला फूल येतं, म्हणजे दर दहा दिवसांनी खुरपं फिरलं तर एकही काटा तयार होत नाही. काका दर रविवारी बसले. पहिल्या रविवारी त्यांनी अभिमानाने दोन घमेली रोपं दाखवली, त्यातलं एक घमेलं भुईआवळ्याचं होतं. पान दोन्हीचं सारखंच दिसतं खरं, पण भुईआवळा सरळ उभा राहतो आणि त्याच्या पानांच्या खाली मोहरीएवढी फळं रांगेने लटकतात. सराटा पहिल्या दिवसापासून लोळतो. घरी कामाला येणाऱ्या मावशींनी खरा सराटा तेवढा निवडून भाजीला नेला. कोवळा असताना याची भाजी होते. काकूंना हे माहीत नव्हतं, आणि मलाही त्या मावशींनीच सांगितलं.

शंकेश्वराचं रोप ओळखायला त्याहून सोपं. लांब, मांसल, भाल्यासारखी दोन पानं, आणि उपटलं की मुळाशी जुनं बोंड लटकलेलं येतं. ते बोंड तिथेच टाकू नये असं मी सांगते, कारण प्रत्येक बोंडात दोन बिया असतात. एक या पावसात उगवते, दुसरी मागे थांबते. रोपासकट बोंड उचललं की दोन्हींचा निकाल लागतो. उशिरा, गणपतीच्या सुमारास उगवलेली रोपं वीतभर असतानाच बोंडं धरतात, म्हणून मोठ्या झाडांवर नजर ठेवून भागत नाही. मागच्या ओलीत काकांनी कर्दळ लावली आणि सांडपाणी तिच्या मुळाशी सोडलं. शेणखताचा ढीग आता फाटकाबाहेर उतरतो. महिनाभर त्यावर पाणी मारायचं, जे उगवायचं ते तिथेच उगवू द्यायचं, उपटायचं आणि मग आत घ्यायचं.

राहिला पलीकडचा प्लॉट. काकांचं मत, उन्हाळ्यात काडी लावावी, गावात सगळे लावतात. कुसळीला आगीने फार काही होत नाही. तिचे ठोंब बहुवर्षायू, बी मातीत शिरून बसलेलं, आणि वणव्यानंतर बाकीचं गवत मागे पडून कुसळीलाच उलट फावतं. डोंगरउतारांवर दरवर्षी वणवे लागतात तिथे ती का दिसते याचं हे एक कारण. प्लॉटमालकांचा नंबर सोसायटीच्या वहीत मिळाला, त्यांनी फोनवर आनंदाने परवानगी दिली. फुकट साफसफाईला कोण नाही म्हणेल. मग भाद्रपद संपता संपता, तुरे बाहेर यायच्या आधी, गवत गुडघ्याएवढं आणि हिरवं असताना ते विळ्याने कापलं. कोवळी कुसळी चांगला चारा आहे. मेंढरंवाले नेहमी त्या रस्त्याने जातात, त्यांच्यातल्या एकाला विचारलं तर तो दुसऱ्या दिवशी दोन माणसं घेऊन आला, कापून भारे बांधून घेऊन गेला. पैसे कुणी कुणाला दिले नाहीत. कुंपणापासून पाच मीटरचा पट्टा महिन्याने पुन्हा कापावा लागला, कारण ठोंब फुटले आणि काही काड्यांना तुरा आलाच.

दुसऱ्या दिवाळीत काकूंनी पुन्हा आठ दिवस चादर अंथरली. पोट-काखेच्या डब्यात तळ झाकण्यापुरती कुसळं, बहुतेक वाघ्या कुंपणाखालून पलीकडे जातो त्या बिळाच्या वाटेवरची. ते बीळ तीनदा बुजवलंय, तो चौथ्यांदा उकरतो. वाघ्याच्या बोटांत आठवडाभरात पाच सराटे. शंकेश्वर नाही. छातीचा डबा रिकामा, पण मनीच्या शेपटीला आघाड्याचा अर्धा तुरा, म्हणजे फ्रीजवरून उतरून ती फाटकाबाहेर जाते हे घरच्यांना पहिल्यांदा कळलं. वर्षभरात डॉक्टरकडे दोन फेऱ्या झाल्या, दोन्ही लसीच्या.

परवा काकांचा फोन होता. पलीकडचा प्लॉट विकला गेला, नव्या मालकाने पाया खणायला घेतलाय आणि वाटेवर मुरमाच्या चार ट्रॉल्या उतरल्या आहेत. मी विचारलं, मुरूम कुठला? म्हणाले, "ते ट्रॉलीवाल्यालाही ठाऊक नाही. हवाई चपला मात्र बाहेर काढून ठेवल्यात."